तारांत अडकलेला हुरडा

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी दातांना तारा बसवून घेतल्या आणि त्या दिवसापासून परभणीत माझ्याशी दुसऱ्या कुठल्याच विषयावर कुणी बोललं नाही.

हौस म्हणून नव्हे. (हौस म्हणून मी आजवर एक पातेलंसुद्धा घेतलेलं नाही.) माझ्या खालच्या दातांनी एसटीच्या दारात करावी तशी गर्दी केली होती. एक पुढे, दोन मागे, एक सगळ्यांच्या मधून तिरका घुसलेला. त्यांच्या फटींत कीटण साचून हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा दातांची डॉक्टरीण म्हणाली, "मॅडम, दात रांगेत आणल्याशिवाय ते नीट घासता येणार नाहीत. आणि घासले गेले नाहीत तर पडतील." मी प्राथमिक शाळेत शिकवते. रांग लागली की साफसफाई सोपी होते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "लावा."

ही डॉक्टरीण, वैशाली, माझीच विद्यार्थिनी. दर सोमवारी प्रार्थना झाली की मी पोरांची तपासणी घेते. "दात दाखव. हात पुढे कर, नखं बघू." घाण दिसली की वर्गाबाहेर. वैशाली दुसरीत होती तेव्हा बरेचसे सोमवार तिने वर्गाबाहेरच काढले. आता तिने मला खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा सोडला, माझ्या तोंडात दोन्ही हात घातले आणि गोड आवाजात विचारलं, "हं मॅडम, आता बोला, काय म्हणत होता?"

निघताना तिने एक छोटी पिशवी दिली. त्यात बाटली घासायच्या ब्रशाचं बाळ वाटावं असा इवलासा ब्रश होता. तारेचं टोक टोचलं तर त्यावर लावायला मेण होतं. तोंड आलं तर चघळायच्या गोळ्या होत्या आणि दुसऱ्या पाकिटात आणखी काही गोळ्या होत्या.

"ह्या दुसऱ्या गोळीकडे लक्ष द्या मॅडम. ब्रश झाल्यावर चावायची, तोंडभर फिरवायची आणि थुंकायची. जिथं घासलं गेलं नाही तिथं दात लालभडक दिसतात. चोरी लगेच पकडली जाते! फक्त घरीच वापरा. रंग लवकर जात नाही."

"आणि खायचं काय नाही?"

"ऊस, लाह्या, शेंगदाणे, चिक्की, कणीस, हुरडा."

"हुरडा मऊ असतो."

"मऊ असतो, पण जिथं बसेल तिथून उठत नाही."

शाळेत मुख्याध्यापकांनी मला बघितलं आणि खुर्चीतून उठून विचारलं, "अपघात कुठं झाला मॅडम?" दुसरीच्या वर्गातली एक चिमुरडी माझ्या तोंडाकडे तासभर बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमच्या तोंडाला चैन बसवली का?" शेजारणीने तर तोंडावर पदरच घेतला. पण खरा धक्का आमच्या ह्यांना बसला. हे एका ऑफिसात क्लार्क आहेत आणि आयुष्यात कशावरही दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललेले नाहीत. तारा बघून त्यांनी एकच विचारलं, "लग्न पोरीचं करायचंय, का तुझं?"

तर पोरीच्या लग्नाविषयी.

आमची प्रज्ञा आणि राणीसावरगावचा संदेश कृषी विद्यापीठात एका वर्गात होते. ज्वारीवरची कीड मोजता मोजता दोघांचं जमलं. आम्हाला काहीच अडचण नव्हती. मुलगा नोकरीला, स्वभावाने शांत, आणि दात चांगले. (मी पहिल्यांदा तेच बघते.) अडचण असलीच तर संदेशच्या वडिलांची, उत्तमरावांची. माणूस सरळ, शेती करणारा, पण पाचव्या शीलाच्या, म्हणजे नशापाणी न करण्याच्या, बाबतीत तलवारीसारखा! दर रविवारी गावातल्या विहारात पंचशील घेऊन झालं की उत्तमराव व्यसनावर तासभर बोलतात. घरात बिडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. त्यांच्या पुतणीला एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या मामाने अंगणात गुटख्याची पुडी फोडली. उत्तमरावांनी हातातला चहा अर्धा खाली ठेवला आणि म्हणाले, "जय भीम, या आता." संपलं! सोयरीक मोडली.

अशा उत्तमरावांनी आम्हाला घर बघायला बोलावलं, तेही शेतात, हुरड्याला. दुपारी विहारातली मंडळी येणार आणि त्यांच्यासमोर पसंती सांगायची, असं ठरलं.

वाटेत गंगाखेड मागे पडेपर्यंत प्रज्ञा मला सूचना देत होती. "आई, जास्त हसू नकोस. तारांबद्दल भाषण देऊ नकोस. आणि काहीही झालं तरी कुणाचे दात तपासू नकोस!"

"मी कशाला तपासू?"

"तू माझ्या मैत्रिणीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाला 'आ कर' म्हणाली होतीस."

(त्याची अक्कलदाढ किडलेली होती. पुढे काढावी लागली. असो.)

शेतात पोचलो. उतरायच्या घाईत माझा चष्मा गाडीत राहिला, हे पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ. बांधाजवळ आगटी पेटवलेली, शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसलेली. संदेशची आई गरम कणसं तळहातावर चोळून हिरवेगार दाणे पुढे करत होती. सोबत जवसाची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. उत्तमराव आईला, म्हणजे संदेशच्या आजीला, घेऊन आले. गयाबाई. पाठीत वाकलेल्या, पण डोळे असे की लांबचा बगळासुद्धा ओळखावा. त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं, मग उत्तमरावांकडे.

"उत्तम, ह्या बाईच्या तोंडाला कुंपन का घातलंय?"

"आई! दाताचा इलाज हाय तो."

मी खाणार नव्हते. खरंच! "डॉक्टरांनी सांगितलंय," असं मी म्हटलंही. पण होणाऱ्या विहीणबाईंचा पुढे केलेला तळहात तसाच राहिला. "आमच्या हातचं चालत न्हाई का मॅडम?" असं त्या इतक्या हळू म्हणाल्या की प्रज्ञाने मागून माझ्या पाठीला चिमटाच घेतला.

मी खाल्लं. एकदा खाल्लं की कुणी थांबू देत नाही. "अजून घ्या." "ह्या कणसाचा घ्या, हे लय ग्वाड हाय." "चटणी घ्या, तिच्याबिगर मजा न्हाई." थोड्याच वेळात माझ्या तोंडात पेरणी पूर्ण झाली! प्रत्येक तारेखाली एक दाणा, प्रत्येक दाण्यावर जवसाचं खत. मी ओठ मिटून मान हलवत राहिले. उत्तमराव खूश झाले. मला वाटतं, कमी बोलणारी विहीण मिळाली म्हणून.

तेवढ्यात मागची तार सुटली आणि गालात रुतली. डोळ्यांत पाणी आलं.

"चटणी तिखट लागली का?" विहीणबाई म्हणाल्या.

मी मान हलवली, पर्समधली पिशवी घेतली, "हात धुवून येते," असं मिटल्या ओठांनी पुटपुटले आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागच्या हौदाकडे निघाले.

तिथं कुणी नव्हतं. मी ब्रश काढला आणि कामाला लागले. एकेक दाणा टोकरून काढणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलं त्यालाच कळेल. (परभणीची ज्वारी चिवट असते असं लोक अभिमानाने सांगतात. आता मी पण सांगते.) तारेवर मेण चिकटवलं. गाल सोलवटून निघाला होता, म्हणून तोंड आल्यावर चघळायची गोळी शोधली. चष्मा नाही. दोन्ही पाकिटं चंदेरी. हाताला लागली ती गोळी तोंडात टाकली आणि चांगली चावून चावून चघळली, कारण मी कुठलंही काम अर्धवट करत नाही.

मग थुंकले.

माती लाल! हौदाचा काठ लाल! मला वाटलं, तार थेट नसेत गेली. घाबरून मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघितलं. दात लाल, हिरड्या लाल, जीभ लाल, हनुवटीवर दोन ओघळ. रक्त नव्हे! ती गोळी होती. आणि वैशालीचा आवाज कानात घुमला, "फक्त घरीच वापरा मॅडम."

मी चूळ भरली. लाल. पुन्हा भरली. पुन्हा लाल. पदराने दात पुसले. पदर लाल!

"भिऊ नको, मी कुनाला सांगत न्हाई."

मी दचकून वळले. ज्वारीच्या ताटांतून गयाबाई बाहेर आल्या. चोरपावलांनी. हातात एक लहानशी पत्र्याची डबी.

"कोन्ता खातीस गं? वास तर ग्वाड यायलाय."

"आजी, मी काही खात नाही! ही दात तपासायची गोळी आहे!"

"असू दे, असू दे. मी बी दातासाठीच घासते मिसरी." त्यांनी डबी उलटी करून दाखवली. "मपली कालच्याला सरली. उत्तम काय आनू देत न्हाई. त्याला ठाव बी न्हाई. जराशी दे तुझ्यातली."

ज्या घरात सुपारीचं खांड नाही, त्या घरातली आजी मशेरी मागायलीय, आणि तीही माझ्याकडे! मी काही सांगायच्या आत खोलीच्या पलीकडून आवाज आला, "मॅडम, कुठं गेल्यात? मंडळी यायची वेळ झाली." गयाबाईंची डबी क्षणात ओच्यात गेली आणि चेहरा असा झाला की जन्मात काही पाहिलं नाही.

उत्तमराव कोपऱ्यावर आले. माझ्याकडे बघितलं. हौदाच्या काठाकडे बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटले होते, पण हनुवटी कुठं मिटणार?

त्यांचा चेहरा उतरला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमी लेकरं शिकवता."

"अहो, तसं नाही हो!" मी तोंड उघडलं, तिथंच चुकलं. ते दोन पावलं मागे सरले.

आवाज ऐकून सगळे धावत आले. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. संदेशने आधी प्रज्ञाकडे बघितलं, मग जमिनीकडे. आणि आमचे हे! पंचवीसेक वर्षांचा संसार, एका ताटात जेवलो, एका मोरीत दात घासले, आणि हा माणूस डोळे मोठे करून काय म्हणतो?

"कधीपासून गं?"

"अहो, तुम्ही तरी!"

"नाही, मला वाटायचंच. शाळेतून आली की तू गप्प गप्प असायचीस."

(गप्प असते कारण दिवसभर साठ पोरांवर ओरडून घसा बसतो. पण हे आता कुणाला सांगू?)

प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, तू ती लाल गोळी खाल्लीस ना? सांग ना त्यांना!"

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, कीटणापासून. उत्तमरावांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "दात साफ करायची चीज लाल कशाला असंल मॅडम?" संदेशने पाकीट हातात घेऊन इंग्रजीतली बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला, "बाबा, दातांचंच आहे." उत्तमराव म्हणाले, "पुडीवर बी दाताचंच चित्र असतंय." आणि ह्यांच्याकडे वळून त्यांनी ते वाक्य उच्चारलं, ज्याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. "साहेब, गाडी सावलीत लावलीय. मंडळी यायच्या आत निघा."

आमच्यासाठी बांधलेली हुरड्याची पिशवी विहीणबाईंनी हळूच उचलून पाठीमागे धरली. ते बघून माझ्या लक्षात आलं की हे खरंच मोडलं.

प्रज्ञा पुढे झाली. "काका, संदेश सांगतो, दर रविवारी विहारात तुम्हीच म्हणता ना, कुणी सांगितलं म्हणून मानू नका. बघा, तपासा, मग माना. मग तपासा ना!"

उत्तमराव थबकले. स्वतःचंच वाक्य समोर येऊन उभं राहिलं की माणूस कुठं जाणार?

आणि मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. सोमवार नव्हता, पण मी आवाज लावला. "रांगेत उभे राहा! उंचीप्रमाणे! प्रत्येकाने एक गोळी घ्यायची, चावायची, फिरवायची, थुंकायची. माती टाकायला कुणी विसरायचं नाही!"

आश्चर्य म्हणजे सगळे उभे राहिले. आमचे हे पहिले. (मी त्यांना मुद्दामच पुढे ढकललं.) चावून थुंकले आणि दात विचकले. लालभडक! मग संदेश. लाल! विहीणबाईंनी "अगं बाई" म्हणत कशीबशी चावली. लाल! उत्तमरावांनी गोळी तळहातावर ठेवून बराच वेळ बघितली, वास घेतला, मग डोळे मिटून चावली. संदेशने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. आयुष्यात सुपारीचं खांड न लागलेल्या तोंडाचा कुंकवाचा करंडा झाला होता.

"अरे!" उत्तमराव एवढंच म्हणाले. मग पुन्हा, "अरे!"

"मला बी दे की," गयाबाई म्हणाल्या.

मी नको म्हणायला हवं होतं. पण प्रयोग रंगात आला होता आणि आजीने गोळी माझ्या हातातून कधीच उचलली होती. चावली, मजेत फिरवली, लांब पिचकारी मारली. इतकी सराईत पिचकारी की उत्तमरावांचे डोळे बारीक झाले.

"आई, आ कर."

इथं मी लक्षात आणून देते की हे मी म्हटलं नाही. उत्तमरावच म्हणाले. आणि आपल्या आईचं तोंड त्यांनी बहुधा जन्मात पहिल्यांदा नीट बघितलं. सगळ्यांचे दात लाल होते. आजीचे जे चारदोन उरले होते, तेही लाल होते, पण मुळाशी डांबरासारखे काळे!

"आई, हे काळं काय हाय?"

गयाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी आभाळाकडे. पण ओच्यातली डबी नेमकी त्याच क्षणी खाली पडली आणि घरंगळत उत्तमरावांच्या चपलेला जाऊन टेकली.

तिकडे आगटीत एक दाणा फुटला.

"कवापासून?" उत्तमरावांनी डबी उचलून विचारलं.

"तू रांगायचास तवापासून," गयाबाई म्हणाल्या. "आता काय करतूस? सोयरीक मोडतूस? धाड मला माहेरी!"

उत्तमराव हौदाच्या काठावर मटकन बसले. (माझ्या लाल थुंकीपासून वीतभर अंतरावर.) मग विहीणबाईंना म्हणाले, "ती पिशवी दे त्यांची त्यांना." आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "साहेब, जाऊ नका. बाहेरच्या चार घरची तोंडं तपासत फिरलो, आन् घरातलंच राहिलं बघा."

नेमकी तेव्हाच विहारातली मंडळी बांधावरून आली. पांढरे कपडे, हातात फुलं, जय भीम, जय भीम. उत्तमराव सवयीने उभे राहिले आणि तोंडभर हसून म्हणाले, "जय भीम!"

मंडळी जागेवर थिजली. सगळ्यात म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातातली फुलं खाली पडली.

"उत्तमराव... तुमी बी?"

पसंतीपेक्षा तो खुलासा जास्त लांबला. पण पसंती झाली. फोटोही निघाला. आम्ही सगळे ओळीत उभे, सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले, शोकसभेला आल्यासारखे. फक्त फोटो काढणारा "हसा की जरा" म्हणाला आणि गयाबाईंनी कोपराने माझ्या बरगडीत ढोसलं, त्यामुळे ऐन वेळी सगळे फिसकन हसले. असा फोटो परभणी जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या सोयरिकीचा नसेल. आजीची मशेरी सुटली नाही म्हणतात, पण आता ती उघड्यावर भांडून घासते. उत्तमरावांचं रविवारचं भाषण मात्र अर्ध्या तासावर आलंय.

दुसऱ्याच दिवशी सुटलेली तार बसवायला मी वैशालीकडे गेले. मोठ्या तोऱ्यात सगळी हकिगत सांगितली आणि फोटो दाखवला. ती पोट धरून हसली. मग तिने फोटो मोठा केला, एकेका तोंडावरून बोट फिरवलं आणि हळूहळू तिचं हसू थांबलं.

"मॅडम, ह्या गोळीने मळ असेल तिथंच रंग चढतो, हे लक्षात आहे ना?"

"आहे की."

"मग ह्यात सगळ्यात लाल दात कुणाचे आहेत?"

मी वाकून बघितलं. चष्मा लावून बघितलं. आमच्या ह्यांचे बरे होते. उत्तमरावांचे बरे होते. गयाबाईंचेसुद्धा मशेरी सोडली तर बरे होते. सगळ्यात लाल, एकही कोपरा न सोडता लाल, त्या ओळीत एकच तोंड होतं आणि त्याला तारा होत्या.

वैशालीने खुर्ची सरळ केली, दिवा माझ्यावर सोडला आणि दुसरीच्या वर्गातला माझाच आवाज काढून म्हणाली, "हात पुढे करा मॅडम. नखं बघू."

मी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. नखांत अजून हुरड्याची राख होती.